सुमनआत्या आणि ते एक वाक्य

मी आज जो काही आहे तो सुमनआत्यामुळे. दहावीनंतर दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, शाळा पुरे. आत्या ओसरीवरूनच त्यांना म्हणाली, "पोरगं शिकंल. बोलणं संपलं." आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो तो असा.

आत्याच्या खाटेखाली ट्रकचे निकामी भाग असतात. यजमान गेल्यावर लोक म्हणाले, त्यांचा ट्रक विका. तिने तो ड्रायव्हर गफूरभाईंच्या हाती दिला आणि तीर्थपुरीची मोसंबी जालन्याला पोचवू लागली. गॅरेजवाल्याने काहीही बदललं की निघालेला भाग ती बारदानात गुंडाळून घरी आणते. "मोडका आसंल, पर माझा हाये."

गफूरभाईंशी तिचं रोज भांडण. "हळू चालवा, मोसंबी हाये, मुरूम न्हाई!"

"आपा, तुम स्टेरिंग पे बैठो, मैं मोसंबी पकडके बैठता."

यंदा इंजिन पार गेलं. वाटूरच्या गॅरेजवाल्याने दुसऱ्या एका ट्रकचं जुनं इंजिन बसवलं. त्या दिवसापासून गिअर टाकताना करकर आवाज. गॅरेजवाला म्हणाला, "इंजिन बराबर हाये. म्हाताऱ्याला क्लच दाबंना. ड्रायव्हर बदला." गफूरभाई आत्याच्या ओसरीवर किल्ली ठेवून निघाले. आत्याने ती उचलून पुन्हा त्यांच्या खिशात घातली आणि गॅरेज गाठलं.

तिथेच तिने गिअरबॉक्स उतरवायला लावला. खाटेखालून आणलेली क्लचची जुनी प्रेशर प्लेट नव्या प्लेटशेजारी ठेवली. नवी बोटभर बुटकी! इंजिन स्वतःच्या प्लेटसकट आलं होतं आणि पेडल मारलं की प्लेट दाबणारं आमच्या गिअरबॉक्सचं बेअरिंग तिला पुरतं दाबू शकत नव्हतं. पेडल तळाला टेकलं तरी क्लच अर्धाच सुटणार. चहाला थांबलेले ड्रायव्हर वाकून बघत होते. आत्याने विचारलं, "आखूड काय निघालं मंग? पाय का प्लेट?" सगळे हसले.

ते हसणं गॅरेजवाल्याला झोंबलं. म्हणाला, प्लेट बदलून देतो. पण क्लच ड्रायव्हरनंच बिघडवला, असं चारचौघांत म्हणा. काय हा निर्लज्जपणा! चूक याची आणि कबुली गफूरभाईंच्या नावावर! त्याहून संताप आला तो आमच्या भावकीचा. "एक वाक्य बोलायला काय जातं? ड्रायव्हर मिळंल दुसरा." मोसंबी तोडायला आलेली, ट्रक गॅरेजात अडकलेला. दादांचा मला जालन्याला फोन आला, "तू शिकलेला हायेस. तिला समजून सांग." यासाठी शिकलो का मी?

फोनवर आत्या दुसऱ्याला बोलू देत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

"ती. सुमनआत्यास सा. नमस्कार.

ते वाक्य बोलू नकोस. तू ते बोललीस तर उद्या वाटूरच्या फाट्यावर कुणीही गफूरभाईंच्या हाती गाडी देणार नाही. ट्रक ट्रॅक्टरला बांधून घरी आण. आपल्या गिअरबॉक्सला बसेल अशी प्लेट जालन्यात मिळाली आहे. रविवारी मिस्तरीला सोबत घेऊन येतो. अंगणातच बसवू. पहिला गिअर गफूरभाईच टाकतील.

वाचून झालं की हे पत्र दादांना दे. मी तुला काय समजावलं, ते त्यांनाही कळू दे.

तुझा,
बाळू"