संमतीसरांची आई

नर्सिंग कॉलेजात त्यांना सगळे ‘संमतीसर’ म्हणत. हा टोमणा आहे, हे सरांच्या कधी ध्यानातच आलं नाही. ‘वैद्यकीय कायदा आणि नीतिमत्ता’ हा त्यांचा विषय. रक्तदाब मोजून दाखवायचा तर ते टेबलावरच्या प्लास्टिकच्या पुतळ्यालाही आधी विचारत, “आजी, हात जरा पुढे घेऊ का?” पुतळा कधी नाही म्हणत नसे. असाच रुग्ण सरांना आवडे.

घरी मात्र विचारायची पद्धत नव्हती. बायकोची बढती नाकारायची ठरवली ती सरांनी, मुलीची शाखा निवडली तीही सरांनी, आणि दोघींना ते कळलं जेवायला बसल्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण अशी माणसं पैशाला पासरी मिळतात. हे गृहस्थ त्या ब्रह्मज्ञानाची परीक्षा घेऊन वर वर्गातल्या पोरींना नापासही करत.

मग सरांची आई आजारी पडली. कॉलेजच्याच रुग्णालयात तपासण्या झाल्या. यकृताचा कर्करोग, तोही पसरलेला. सरांनी डॉक्टरांना जिन्याशीच गाठलं आणि बजावलं, की आईला यातलं अक्षरही कळता कामा नये, ती खचेल. डॉक्टरांनी मान डोलावली. तक्रार करतात ते नातेवाईक, रुग्ण नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आईला सांगितलं, काविळीची सूज आहे.

आईची एकच इच्छा होती. तिची थोरली बहीण दूरच्या गावी अंथरुणाला खिळली होती, तिला एकदा भेटायचं. ती सरांना पुन्हा पुन्हा विचारी, मला नेमकं काय झालंय, ताईकडे जाऊन येऊ का. सर दरवेळी म्हणत, आधी खडखडीत बरी हो, मग मी स्वतः नेतो. धडधडीत थाप मारायची आणि तिला आईची काळजी म्हणायचं, याला नुसता निगरगट्टपणा पुरत नाही, विषयाचा अभ्यास लागतो. त्याच आठवड्यात सरांनी वर्गात ‘सत्य जाणण्याचा रुग्णाचा हक्क’ शिकवला. फळ्यावर ‘हक्क’ शब्दाखाली दोनदा रेघही मारली म्हणे.

वॉर्डात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ड्यूटीवर होती. म्हातारीने तिलाही तेच विचारलं. मुलीने आपल्या मनाने काही सांगितलं नाही. ती सरळ डॉक्टरांना घेऊन आली आणि म्हणाली, आजी शुद्धीत आहेत आणि स्वतः विचारताहेत. डॉक्टरांना पळवाट उरली नाही. खाटेशी बसून त्यांनी सगळं सांगितलं.

सरांना कळलं तेव्हा ते तणतणत वॉर्डात आले. आईच्या खाटेपाशीच त्यांनी मुलीला फैलावर घेतलं, वर्ष वाया घालवीन म्हणाले. मुलगी खाली मान घालून एवढंच म्हणाली, की गेल्या परीक्षेत हेच उत्तर लिहिलं होतं आणि सरांनी पूर्ण मार्क दिले होते.

“ते परीक्षेपुरतं,” सर म्हणाले.

“तिला कशाला झापतोस?” आई म्हणाली. “विचारलं मी होतं.”

“आई, तू खचू नयेस म्हणून...”

“मला ताईकडे जायचं होतं.”

सर घाईघाईने म्हणाले, उद्याच गाडी करतो, मागे गादी टाकू, झोपून जाता येईल. डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आता एवढा प्रवास झेपणार नाही म्हणाले. मग मावशीलाच इकडे आणतो, असं सर पुटपुटले, पण तिला कुशीही वळता येत नाही हे त्यांचं त्यांनाच आठवलं.

आईने सुजलेले पाय पांघरुणाबाहेर काढले आणि ती त्या पायांकडे बघत राहिली.

“तुला पहिल्यांदा विचारलं ना,” ती म्हणाली, “तेव्हा मी जिना चढत-उतरत होते रे.”