ओवीचं बिनदबावाचं चिनी

चहा घ्या, सांगते. फक्त एक अट आहे. आमच्या सासूबाई बाहेर आल्या की विषय बदलायचा. त्यांच्या कानावर हा किस्सा पडला की त्या नव्याने तोच प्रश्न काढून बसतात. पाटीलबाईंनी नुसते हात का जोडले, दोन ओळी लिहायला काय झालं होतं? याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि पाटीलबाई तर हल्ली जिन्यात भेटल्या की मान खाली घालून जातात.

तर मी विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, चौदा वर्षं शिकवण्या घेते. चौथीपर्यंतचं सगळं. एका हातात पट्टी, अंबाड्यात खोचलेलं लाल पेन. बिल्डिंगमधली पोरं मला बघून पळत नाहीत, पण चालण्याचा वेग वाढवतात एवढं खरं.

माझा धाकटा दीर नितीन शांघायला असतो. नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी लग्न केलं. युन तिचं नाव. त्यांना आमच्या ओवीएवढीच, सहा वर्षांची मुलगी आहे, आन-आन. लग्न तिकडेच झालं. मग कधी रजा नाही, कधी विमानं बंद, असं करता करता आठ वर्षं सासूबाईंनी सून पाहिली ती मोबाईलवर आणि नात पाहिली तीही मोबाईलवर. या मे महिन्यात तिघं पहिल्यांदा घरी येणार असं ठरलं, तेव्हा सासूबाई आनंदाने नाचतील असं मला वाटलं होतं. त्या चिंतेतच पडल्या.

"पोरीला इथे करमलं पाहिजे गं," त्या म्हणाल्या. "नाही करमलं, तर पुन्हा कशाला येतील?"

बरोबरच होतं त्यांचं. आन-आनला चिनी येतं आणि थोडं इंग्रजी. ओवीला मराठी येतं आणि कार्टूनचं हिंदी. व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींना पडलेले दात दाखवायच्या आणि मग टकामका बघत बसायच्या. आता दात दाखवून पंधरा दिवस कसे निघणार? मी म्हटलं, आई, तुम्ही निश्चिंत राहा. दोन महिने आहेत हातात. ओवीला मी चिनी शिकवते.

"तुला येतं?" सासूबाई.

"शिकून शिकवायचं असतं."

मोबाईलवर एक बाई सापडल्या. फार गोड बोलायच्या. लहान मुलांना घरी चिनी शिकवायचं तर अभ्यासाचं दडपण नको, म्हणाल्या. भाषा घरात नुसती वावरू द्या. खेळा, गाणी म्हणा, वस्तूंना चिठ्ठ्या लावा. मला इतकं पटलं की मी लगेच वेळापत्रक आखलं. चार ते साडेचार, सहज गप्पा. साडेचार ते पाच, मुक्त खेळ. शनिवारी उजळणी.

का हसताय? मुक्त खेळाची चाचणी मी फक्त पंधरवड्याला घ्यायची.

घरभर चिठ्ठ्या लागल्या. दारावर, फ्रिजवर, माठावर, प्रशांतच्या हेल्मेटवर. प्रशांत म्हणजे आमचे हे. देव्हाऱ्यावर चिकटवायला गेले तेव्हा सासूबाईंनी हात धरला. "देवांना मराठी येतं," म्हणाल्या.

रोज चार वाजता मी ओवीला समोर बसवायची आणि प्रेमाने सांगायची, "दबाव नाही हं. चुकलं की फक्त पहिल्यापासून."

"आई, या खेळात नापास झालं तर काय होतं?" तिने एकदा विचारलं.

"खेळात कोणी नापास होतं का, वेडे? माठावर काय लिहिलंय सांग."

"श्वेइ. म्हणजे पाणी. मी आता खाली खेळायला जाऊ?"

दोन महिन्यांत पोरीला नऊ शब्द आले, आणि नऊही शब्द 'मी खाली जाऊ' याला जोडूनच यायचे. तरी मी हार मानली नाही. पाहुणे येण्याच्या आदल्या आठवड्यात मला एक नामी कल्पना सुचली, आणि तिथेच माती खाल्ली.

त्या गोड बाईंच्या एका व्हिडिओत चिनी घराचं दार दिसलं. दाराच्या दोन्ही बाजूंना लांब उभ्या पट्ट्या, वर मोठमोठी अक्षरं. शुभ असतं, म्हणे. म्हटलं, झालं. युनला दारातच माहेरी आल्यासारखं वाटलं पाहिजे. व्हिडिओतल्या पट्ट्या लाल होत्या, हे मी पाहिलं होतं. नाही कशाला म्हणू? पण लाल कागदावर काळं अक्षर उठून दिसत नाही. फळ्यासमोर चौदा वर्षं काढली आहेत, एवढं मला कळतं. मी सरळ पांढरा चार्टपेपर आणला. काळ्या जाड स्केचपेनने ठसठशीत अक्षरं गिरवली. भोवती काळी चौकट आखली, कारण चौकट आखल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डावीकडे चिनीत लिहिलं, 'घरी या, स्वागत आहे.' उजवीकडे, 'आजी तुमची वाट बघतेय.' खाली घरातल्या सगळ्यांची नावं. महत्त्वाचं ते लाल पेनने लिहायचं हा माझा नियम आहे, म्हणून नावं सगळी लाल. सर्वांत मोठं नाव सासूबाईंचं, सुलोचना, आणि त्याच्यापुढे 'नायनाय', म्हणजे आजी. एक रेघ चुकली नव्हती, बरं का. मी तीनदा तपासलं होतं.

तोरणाला सासूबाई झेंडू म्हणत होत्या. मी म्हटलं, भडक दिसेल, पट्ट्यांना मॅचिंग हवं. प्रशांतला आगाशीच्या बाजारात पिटाळून पांढरी शेवंती आणवली. आणि मॅचिंगच म्हणून मी माझी मोतिया रंगाची साडी नेसले.

रविवारी सकाळी अकराला गाडी खाली आली. नितीन आणि प्रशांत बॅगा उतरवत राहिले. आमच्याकडे लिफ्ट नाही, तिसरा मजला, म्हणून युन आणि आन-आन पुढे निघाल्या. सासूबाई आतल्या खोलीत नथ शोधत होत्या. मी दार लावून घेतलं आणि हातात निरांजन-उदबत्तीचं तबक घेऊन दाराच्या भिंगाला डोळा लावला. म्हटलं, आधी वाचू दे तिला.

तिने वाचलं. हात तोंडावर गेला. पुन्हा वाचलं. डोळे भरून आले.

मी आत इतकी खूश झाले म्हणून सांगू. दोन महिन्यांच्या कष्टांचं चीज झालं असं वाटलं मला. मी दार उघडलं. युनने माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, उदबत्तीकडे पाहिलं आणि कमरेतून खाली वाकली. एकदा, दोनदा, तीनदा.

केवढे हे संस्कार! मोठ्या जावेला तीन तीन वेळा नमस्कार कोण करतं हल्ली? मीही तबक सावरत तीनदा वाकले. मी वाकल्याबरोबर तिला हुंदकाच फुटला.

आता माझं चिनी ऐनवेळी आठवेल तर शपथ. नेमकं एकच वाक्य तोंडात आलं, जेवलात का. रडणाऱ्या बाईला मी दारात उभी राहून विचारलं, जेवलात का.

"मम्मी?" तिने कसंबसं विचारलं आणि आत बोट दाखवलं.

मी माझ्या इंग्रजीत, सावकाश, शिक्षकी थाटात सांगितलं, "मम्मी आत आहेत. सगळी तयारी झालीय. तुमच्यासाठीच थांबलोय."

ती मटकन पायरीवर बसली.

एवढ्यात समोरचं दार किलकिलं झालं. पाटीलबाई. त्यांनी पायरीवर रडणारी पाहुणी पाहिली, पांढरी फुलं पाहिली, माझ्या हातातली उदबत्ती पाहिली, आणि डोक्यावर पदर घेऊन हळूच दार लावलं. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

मग नितीन वर आला. डोक्यावर बॅग, धापा टाकत. दाराकडे पाहिलं आणि बॅग त्याच्या हातून सुटली ती दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

"वहिनी," तो पट्ट्यांकडे बोट दाखवत म्हणाला. "कधी गेली?"

"कोण?"

"आई."

"कुठे जातील? आत नथ शोधतायत."

आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई बाहेर आल्या. पैठणी, नथ, हातात मोबाईल. "काय गं, कोण रडतंय?" एवढंच म्हणाल्या. युन किंचाळली, उठली आणि तिने सासूबाईंना अशी मिठी मारली की नथ पुन्हा हरवली. रडतेय, हसतेय, त्यांचे गाल चाचपून बघतेय. सासूबाईही रडायला लागल्या. आठ वर्षांची वाट होती ती. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू? फक्त आपण नेमकं कशासाठी रडतोय हे मला कळत नव्हतं.

नितीनने भिंतीला टेकून पाणी मागितलं आणि मग समजावलं. "वहिनी, दारावर पट्ट्या लावतात, पण लाल. पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं लावली म्हणजे त्या घरातलं माणूस गेलं. पांढरी शेवंती त्याच वेळची. आणि जिवंत माणसाचं नाव तिकडे कोणी लाल शाईने लिहीत नाही." मग त्याने पट्टीवरची नावं मोजली. "तू तर सगळं घरच संपवलंस. माझ्यासकट."

"आणि तीन वेळा वाकली ती?"

"गेलेल्या माणसाला नमस्कार. आणि घरचे लोक उलट वाकतात."

"मी वाकले."

"दिसतंय."

मी तबक खाली ठेवलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं, पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नाही.

इतक्यात सासूबाईंचा मोबाईल टिंगटिंग वाजायला लागला. सोसायटीचा ग्रुप. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "भावपूर्ण श्रद्धांजली. मोठा आधार गेला. सुलोचनाकाकींच्या हातच्या आळुवड्या विसरता येणार नाहीत." मग सेक्रेटरी, खुर्च्या गच्चीवर आहेत, लागतील तेवढ्या न्या. सासूबाईंनी एकूण एक वाचलं. आळुवड्यांवर पुन्हा एकदा थांबल्या. शेवटी नाक मुरडून म्हणाल्या, "पाटीलबाईंनी नुसते हात जोडलेत. एवढी वर्षं वाटीने साखर नेली."

युनला नितीनने हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. सासूबाईंनी पाठीवर हात फिरवला. पहिल्या भेटीत काय बोलायचं, कसं वागायचं, याची दोघींनी आठ वर्षं धास्ती घेतलेली. त्यातलं काहीच करावं लागलं नाही.

पण मुली कुठे होत्या? या गोंधळात आम्ही त्यांना विसरलोच होतो. ओवीने दारातच आन-आनला नवा पडलेला दात दाखवला होता, आन-आनने तिचा दाखवला होता आणि दोघी गायब. शोधलं तर गॅलरीत. दारावरची डावी पट्टी त्यांनी काढून जमिनीवर अंथरली होती आणि माझ्याच लाल पेनने तिच्यावर चौकोन आखून लंगडी घालत होत्या. ओवी एका पायावर उड्या मारत चिनीत दहापर्यंत मोजत होती. दहापर्यंत! हे आकडे मी दोन महिने भिंतीवर लावले होते, तिने ढुंकून पाहिले नव्हते. अर्ध्या तासात शिकली. आन-आन तिला मराठीत ओरडत होती, "ए, माझा डाव, माझा डाव."

दुसऱ्या दिवशी युनने बाजारातून लाल कागद आणला आणि दार पुन्हा सजवलं. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने झेंडूचं तोरण लावलं, माझ्याकडे बघत बघत. चार वाजताच्या सहज गप्पा बंद झाल्या. पंधरा दिवस दोघी उन्हात काळ्या होईपर्यंत खाली खेळल्या, आणि दमून वर आल्या की ओवी हातात पट्टी घेऊन तिला माझी नक्कल करून दाखवायची. बिल्डिंगमधली चार-पाच पोरं आज लपाछपीत राज्य आलं की आकडे चिनीत मोजतात, आणि त्यांना ते कोणीही शिकवलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आन-आन सासूबाईंच्या मांडीवर बसून ठणकावून म्हणाली, "मी जाणार नाही." शुद्ध मराठीत. नितीनने तिथल्या तिथे दिवाळीची तिकिटं बघायला घेतली. सासूबाई उठून आत गेल्या, डोळे पुसायला.

मला राहवलं नाही. म्हटलं, आन-आन, काकूलाही शिकव की गं थोडं चिनी. दिवाळीपर्यंत चार वाक्यं तरी येऊ देत.

तिने लगेच मला चटईवर बसवलं. स्वतः माझ्या खुर्चीवर चढली. पट्टी हातात घेतली. वहीवर माझं नाव घातलं ते आठवणीने निळ्या पेनने, काकू जगायला हवी ना. मग पहिलंच वाक्य मी चुकले. तिने माझ्या अंबाड्यातलं लाल पेन उपसलं, दहापैकी दोन मार्क दिले आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाली,

"काकू, दबाव नाही हं. चुकलं की फक्त पहिल्यापासून."