उस्तादांच्या पिशवीतला ट्रॅकर

उस्तादांची उभी हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेली. म्हातारपणी डोक्यानं दगा दिला, पण हात शाबूत राहिले. त्यांच्या बायकोची, म्हणजे पडदे शिवणाऱ्या काकूंची, खरी पंचाईत तिथेच झाली. दाराला आतून कुलूप लावून त्या मशीनवर बसायच्या. उस्ताद त्यांच्याच केसातली पिन घेऊन दार उघडायचे आणि चालू पडायचे. भारी कुलूप आणलं, तर त्यांची कळी आणखीनच खुलली.

मग नर्स असलेल्या लेकीनं ट्रॅकरचं घड्याळ आणलं. बाबा कुठे आहेत ते फोनवर ठिपक्यानं दिसेल, म्हणाली. दोनच दिवसांत उस्तादांनी घड्याळ काढून कुंडीत ठेवलं. ठिपका घरात आणि माणूस गावभर!

काकूंनी डोकं चालवलं. हत्यारांच्या पिशवीशिवाय हा माणूस उंबरठा ओलांडत नाही. त्यांनी पिशवीचं अस्तर उसवलं, कुंडीतलं घड्याळ आत सरकवलं आणि टाके घालायला घेतले.

"काय शिवतेस?"

"फाटलीय पिशवी."

एवढं खोटं बोलतानाही त्यांचा एक टाका चुकला.

त्यानंतर एका दुपारी ठिपका कालव्यापलीकडे गेला आणि थांबला. काकू बस पकडून तिथे पोचल्या. अनोळखी इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, उस्ताद एका दाराशी उकिडवे बसून कुलपात तार फिरवत होते. आतून एक बाई ओरडत होती, "पोलिसांना फोन केलाय मी!"

"अहो, उठा. हे आपलं घर नाही."

"उघडतंय गं, थांब जरा."

काकू दाराला तोंड लावून म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. माझे यजमान आहेत, त्यांना विसरायला होतं. मी त्यांना शोधतच आले."

बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. उस्ताद तिला शांतपणे म्हणाले, "कुलूप अगदीच हलकं आहे. बदलून घ्या." भेदरलेली असूनही तिला हसू फुटलं. तिनं आधी पाणी दिलं, मग खुर्ची. पोलीस आला, त्यानं काकूंचा फोन नंबर घेतला आणि बजावलं, "आजी, तुम्ही ठिपका बघून पोचेपर्यंत कुणी यांच्यावर हात उचलला तर?"

ते काकूंना पटलं. लेक म्हणत होती, बाबांना वृद्धांच्या संस्थेत ठेवू. काकूंनी होकारार्थी मान हलवली, पण तारीख काही दिली नाही. दुपारची शिलाई त्यांनी सकाळवर ढकलली आणि उस्ताद निघाले की चपला घालून त्याही मागोमाग निघू लागल्या.

एकदा चौकाजवळ उस्ताद वळून म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या मागे का येताय?"

काकू दोन पावलं पुढे आल्या. मग म्हणाल्या, "मलाही तिकडेच जायचंय."

"मग सोबत चला की." आणि गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून त्यांनी काकूंना रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं.