लसूण आणायला गेलेली होडी

सारांदिस माझा शेजारी. त्याच्या आणि माझ्या घराची एक भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्याचं खोकणं मला घरच्या माणसाच्या खोकण्याइतकं ओळखीचं आहे. त्याच्यावर लिहावं असं त्याच्यात फार काही नाही, आणि मला लिहिता येतं असंही नाही. पण त्या मार्चमध्ये जे झालं ते आमच्या धक्क्यावर इतक्या तऱ्हांनी सांगितलं जातं, की मी जेवढं पाहिलं तेवढं तरी एका जागी असावं असं वाटलं.

आमचं पेत्रोनी बेट ग्रीसचं, पण बाकीचा ग्रीस आमच्यापासून लांब. रोडस या मोठ्या बेटाहून येणारं जहाज वारा सुटला की येत नाही. तुर्कस्तान मात्र समोरच आहे. भाजी समोरच्या इन्जिरली गावातून येते, दात काढायला तिकडेच जायचं, चष्माही तिकडेच करायचा. अथेन्स आणि अंकारा यांचं फिसकटलं की हे सगळं बंद होतं. का फिसकटलं ते आम्हाला मागाहून बातम्यांत कळतं. कधी तेल शोधणारं जहाज आलेलं असतं, कधी एखादं विमान फार खालून गेलेलं असतं. मग कोबी मिळेनासा होतो. पुढे केव्हातरी मोठी माणसं कुठेतरी हात मिळवतात आणि कोबी पुन्हा सुरू होतो. लहानपणापासून हे बघतोय. आता त्याचा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो.

ही ने-आण आमच्या बाजूने सारांदिस करायचा आणि त्यांच्या बाजूने नेजदेत. दोन्ही सरकारांनी एकेकाच होडीला परवाना दिलेला. सोमवारी सारांदिस आमची माणसं तिकडे न्यायचा, शुक्रवारी नेजदेत भाजी घेऊन इकडे यायचा. नेजदेत वयाने बराच लहान. तो सारांदिसला ‘आबी’ म्हणतो, म्हणजे दादा. दोघं आपसात जी भाषा बोलतात ती धड ग्रीक नाही, धड तुर्कीही नाही, पण आम्हा सगळ्यांना कळते.

दुसऱ्याच्या बंदरात शिरताना एक रीत पाळावी लागते. आपला झेंडा होडीच्या मागे असतोच. शिवाय ज्याच्या दारी चाललो त्याचा एक लहान झेंडा डोलकाठीच्या उजव्या अंगाला चढवायचा. तो मानाचा झेंडा. वाटेत समुद्रात एक बोडका खडक आहे. जाताना सारांदिस तिथे तो चढवायचा आणि येताना तिथेच उतरवायचा. नाक खाजवावं इतक्या सहज त्याचा हात तिकडे जायचा.

मार्चच्या पंचविसाला आमचा स्वातंत्र्याचा सण असतो. आमच्या पूर्वजांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला, त्याचा. त्या दिवशी घरोघर खारवलेला मासा तळतात आणि त्याबरोबर लसणीची दाट चटणी करतात. त्या वर्षी आठवडाभर वारा होता, रोडसचं जहाज आलं नव्हतं. मासा होता, बटाटे होते. लसूण बेटावर नव्हती. त्यात अथेन्सहून एक उपमंत्री हेलिकॉप्टरने येणार होते, आणि त्यांचं जेवण धक्क्यावर गावाबरोबर व्हायचं होतं.

सकाळी नगराध्यक्ष सारांदिसच्या दारात आले. मी माझ्या पायरीवर बसलो होतो.

“बार्बा,” ते म्हणाले. आमच्याकडे वयस्क दर्यावर्दीला बार्बा म्हणतात. “वारा पडलाय. एक फेरी मारून या.”

“आज? सणाला?”

“लसणीवाचून सण कसला?”

“म्हणजे तुर्कांकडून लसूण आणायची आणि तुर्कांशी लढल्याचा सण करायचा.”

“कुणाला सांगू नका म्हणजे झालं.”

“लसूण आहे ती. सांगावं लागत नाही.”

त्याची बायको कालिरोई आतूनच म्हणाली, “मी पण येते. हा एकटा गेला तर कांदे उचलून आणेल.”

इन्जिरलीच्या धक्क्यावर नेजदेत पोती घेऊन उभाच होता. पुढचं मला कालिरोईने सांगितलेलं आहे. सारांदिसचा मानाचा झेंडा हिवाळ्यातल्या वाऱ्याने फाटून गेला होता. नेजदेतने वर पाहिलं.

“आबी, हा झेंडा आहे का फडकं? आमच्या पोलिसांनी पाहिलं तर म्हणतील, मुद्दाम अपमान केला.”

“पुढच्या सोमवारी नवा आणतो.”

“पुढचा सोमवार तुला दिसेल कशावरून?” असं म्हणून तो दुकानात गेला. लहान आकाराचा संपला होता, म्हणून चांगला हातभर लांबरुंद घेऊन आला. सारांदिसची बोटं संधिवाताने आखडलेली, म्हणून नेजदेतने स्वतःच तो वर चढवला आणि आपल्या पद्धतीची घट्ट गाठ मारली.

येताना खडकापाशी लाट आडवी झाली. वारा पडला तरी समुद्र निवायला वेळ लागतो. कालिरोई कठड्यावर ओणवी होऊन ओकायला लागली. सारांदिसने सुकाणू गुडघ्याने धरलं आणि हाताने तिचं कपाळ धरलं. तिला बरं वाटेपर्यंत खडक मागे गेला होता.

आमच्या धक्क्यावर तेव्हा शाळेतली मुलं ओळीत उभी, पाद्री पुढे, उपमंत्री मधोमध, आणि बॅण्ड वाजत होता. टोकाला वळसा घालून होडी आत आली. मागे निळा-पांढरा झेंडा होता, आणि डोलकाठीवर, त्याच्यापेक्षा मोठा, लालभडक, चंद्रकोरीचा. आधी क्लॅरिनेट थांबलं. मग एकेक वाद्य थांबलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून सारांदिसने टोपी काढून हात हलवला.

कालिरोईने तोंड पुसत मान वर केली. “सारांदिस,” ती म्हणाली, “वर बघ.”

त्याने वर पाहिलं. “हां,” म्हणाला. होडी धक्क्याला लावून तो डोलकाठीपाशी गेला आणि गाठ सोडायला लागला. गाठ नेजदेतची होती आणि बोटं त्याची. फार वेळ लागला. तेवढ्या वेळात कुणी पुढे झालं नाही, मीही नाही. मग दोन बाया पुढे आल्या आणि लसणीची पोती उतरवून घेऊन गेल्या, कारण चटणी व्हायची होती.

चटणी झाली. उपमंत्र्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

पण फोटो संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचला होता. इकडच्या वर्तमानपत्रांनी विचारलं, सीमेवरच्या बेटावर हे चाललंय तरी काय? तिकडच्यांनी लिहिलं की ग्रीक तांडेलाने चंद्रकोरीला सलाम केला. त्याने हलवलेला हात त्यांना उपयोगी पडला. दोन्ही होड्या बंद झाल्या. इन्जिरलीत नेजदेतलाही बोलावून घेऊन विचारलं, तू त्याला झेंडा का दिलास, काय ठरलं होतं तुमचं?

काही दिवसांनी आमच्या बंदर अधिकाऱ्याने सारांदिसला बोलावलं. तो मला म्हणाला, “मिहालिस, चल माझ्याबरोबर. वाचायला लागेल. माझा चष्मा तिकडे दुरुस्तीला पडलाय.”

अधिकारी तिशीतला, मुख्य भूमीवरचा. वाईट माणूस नव्हता. डोळे लाल झाले होते त्याचे. अथेन्सहून फोन थांबत नव्हते. त्याने आम्हाला बसवलं, कॉफी मागवली.

“बार्बा सारांदिस, मला हे संपवायचंय.”

“मलाही, साहेब.”

“झेंडा कुणी चढवला?”

“नेजदेतने.”

“तुम्ही सांगितलं होतं?”

“नाही. पण जुना फाटला होता.”

“जुन्याचं राहू द्या. एवढंच लिहा. झेंडा त्या माणसाने चढवला, तुम्ही सांगितलं नव्हतं. एक वाक्य. यात खोटं काही आहे?”

सारांदिस विचार करत राहिला. “नाही,” म्हणाला. “खोटं नाही.”

“मग झालं. तुमचा परवाना तुम्हाला परत मिळतो.”

“आणि त्याचा?”

अधिकाऱ्याने कॉफीचा घोट घेतला. “त्याला आपल्या बंदरात येऊ देता येणार नाही. हे कुणाच्या तरी नावावर जायला हवं ना. वरच्यांना कुणीतरी लागतं.”

“मला दोन दिवस द्या.”

घरी येताना तो चढणीवर दोनदा थांबला. मला त्याने विचारलं असतं तर मी सही कर म्हटलं असतं. खरंच आहे ते, असं म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी नेजदेतचा फोन आला. भिंतीपलीकडून मला सारांदिसचं बोलणं ऐकू येत होतं, आणि तो फोन मोठ्या आवाजावर ठेवतो, त्यामुळे नेजदेतचंही.

“आबी, माझ्या नावावर घाल. त्यांना तेच हवंय.”

“तुला कुणी सांगितलं?”

“असं काय करतोस, कळतं ना. घाल. मी आईस्क्रीमची गाडी टाकीन. उन्हाळ्यात लोक येतात इकडे.”

“निम्मं तूच खाशील.”

“मग उरलेलं निम्मं विकीन.”



“तुझी पोरगी कॉलेजात जायचीय ना यंदा?” सारांदिसने विचारलं.

“तिचं काय मधेच?”

“काही नाही. विचारलं.” आणि त्याने फोन ठेवला.

मग कालिरोईचा आवाज आला. “काय ठरवलंस?”

“झेंडा चढवला त्याने. काढायचा होता मी.”

“माझ्यामुळे राहिला तो. तसं लिही.”

“लिहू?”

“नको. सरकारी कागदावर माझं ओकणं नको.”

दोघं हसले. बऱ्याच दिवसांनी त्या भिंतीपलीकडून हसणं ऐकलं. मग ती म्हणाली, “होडीचं काय करशील?”

“पोहणाऱ्यांना गुहेपर्यंत नेईन. तेवढ्याला परवाना लागत नाही.”

“तुला आवडत नाहीत पोहणारे.”

“हो. ओल्या अंगाने बसतात.”

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. तो सांगेल तसं मी लिहिलं. मानाचा झेंडा उतरवणं तांडेलाचं काम आहे. मी तांडेल होतो. मी विसरलो. दुसऱ्या कुणाचा यात संबंध नाही. अधिकाऱ्याने वाचलं आणि कागद टेबलावर ठेवला.

“बार्बा, हे वर पाठवलं की तुमचा परवाना जाणार. परत मिळेल असं मी सांगू शकत नाही.”

“माहीत आहे.”

“तो तुमच्या जागी असता तर त्याने असं केलं असतं?”

“ते मी त्याला विचारलं नाही,” सारांदिस म्हणाला. “कुठे करायची सही? मला दिसत नाही.” मी बोट ठेवलं तिथे त्याने सही केली.

परवाना गेला. जूनमध्ये नेजदेतच्या शुक्रवारच्या फेऱ्या सुरू झाल्या, कारण त्याच्याविरुद्ध कागदावर काहीच नव्हतं. सोमवारची फेरी आता रोडसच्या एका कंपनीची मोठी बोट करते. तिकिटासाठी आधी नाव द्यावं लागतं. सारांदिसने उन्हाळाभर पोहणाऱ्यांना गुहेपर्यंत नेलं. पुढच्या वर्षी तेही सोडलं. थकलो म्हणाला, आणि ते खरं होतं. मलाही हल्ली चढण चढवत नाही.

नेजदेत धक्क्यावर भाजी उतरवून झाली की सारांदिसच्या अंगणात येऊन बसतो. कालिरोई कॉफी करते. गेल्या शुक्रवारी मीही होतो. नेजदेत त्याच्या पोरीचं सांगत होता. ती इझमीरला गेलीय, तिथे जेवण चांगलं नाही, खोलीत तिघी राहतात. सारांदिस “हं, हं” करत होता. मग हं थांबलं. पाहिलं तर खुर्चीत मान कलली होती, तोंड उघडं, झोपला होता.

नेजदेत बोलायचा थांबला. मी सारांदिसच्या खांद्याकडे हात नेला.

“राहू द्या, काका,” नेजदेत हळूच म्हणाला. “उठवू नका.”

त्याची परत जायची वेळ होत आली होती. अंधाराआधी त्याला बंदर सोडावं लागतं. तरी तो तसाच बसून राहिला. कॉफी संपवली, कप स्वतः आत नेऊन ठेवला आणि कालिरोईला काहीतरी सांगितलं. मग दाराचा आवाज होऊ नये म्हणून कडी हाताने धरून बाहेर पडला. थोड्या वेळाने खालून त्याच्या इंजिनाचा आवाज आला. सारांदिसने कूस बदलल्यासारखं केलं, पण जागा झाला नाही.