चौतीस पायऱ्यांची परीक्षा

शाळेतून रिटायर झालो, पण आमची स्टाफरूम काही सुटली नाही. दरवर्षी एक ट्रिप ठरलेली. परत आल्यावर फोटो कुणी बघत नाही, किस्से मात्र साठत जातात. आणि खरं सांगू? त्यातले निम्मे पुणं सोडायच्या आधीच, माझ्याच जिन्यात घडलेले असतात!

त्याला कारण गोडबोले सर. गणिताचे. त्यांनी नियमच काढला: निघण्याआधीच्या रविवारी प्रत्येकानं भरलेली बॅग घेऊन माझ्या सदाशिव पेठेतल्या घरी यायचं. दुसरा मजला, लिफ्ट नाही, चौतीस पायऱ्या. बॅग स्वतः उचलून, न थांबता चढायचं. जिथं थांबाल, तिथं बॅग उघडून एक वस्तू काढायची आणि पायरीवर ठेवायची. "वर पोचला नाहीत, तर ट्रिप नाही!"

सर स्वतः विश्रांतवाडीला लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहतात. हे आपलं सहज सांगितलं.

*

पहिल्याच वर्षी मी, खुद्द घरची मालकीण, सातव्या पायरीवर अडकले. बॅग उघडली तर वरच लोणच्याची बरणी. काचेची!

"बाई, सिमल्याला जेवण मिळत नाही का?" सरांनी विचारलं.

"मिळतं हो. पण ते खावं लागतं ना!"

बरणी पायरीवर राहिली. पुढे पाच दिवस सगळ्यांनी, सरांसकट, तिची आठवण काढली.

*

आमचे क्लार्क शिंदे. बॅग बघावी तर एकदम हलकी. मे महिन्यातली दुपार, आणि हा माणूस दोन पँटी, तीन शर्ट, स्वेटर आणि त्यावर जाकीट चढवून आला! घामानं निथळत होते, पण थांबले नाहीत.

आम्ही ओरडलो, "चीटिंग! चीटिंग!"

सर थंडपणे म्हणाले, "नियम बॅगेचा आहे, शिंद्यांचा नाही. पास."

*

चित्रकलेच्या शबानाबाई तर एवढीशी पिशवी घेऊन धावतच वर आल्या. सरांनी टाळ्या वाजवल्या. "याला म्हणतात पॅकिंग! शिका जरा!"

ट्रिपला सकाळी माझा साबण, दुपारी सरांच्या मिसेसची, म्हणजे वहिनींची छत्री, संध्याकाळी सरांची टॉर्च मागायला हजर!

"अहो शबानाबाई, तुम्ही आणलंत तरी काय?"

"तुम्ही सगळे जिन्यात बॅगा उघडता ना, तेव्हा मी नीट बघून ठेवते. तुम्ही नेताय ते मी कशाला न्यायचं?"

*

सरांची बॅग म्हणजे प्रदर्शनात ठेवावी अशी. शर्टांच्या गुंडाळ्या, मोज्यात चार्जर, बुटात साबणाची डबी. बोट घालायला जागा नाही. पण केरळात पाचही दिवस सर एकाच शर्टात! आम्हाला वाटलं, आवडीचा असेल.

"आवडीचा कसला डोंबलाचा!" वहिनी म्हणाल्या. "बॅग उघडली तर पुन्हा तशी बंद होणार नाही म्हणतात!"

*

आणि हा यंदाचा किस्सा.

सरांचा गुडघा बिघडला. डॉक्टरांनी काठी वापरायला सांगितली. सर म्हणाले, "काठी म्हातारे घेतात." वय वर्षं एकाहत्तर! वहिनी फोनवर वैतागल्या होत्या, "ट्रिप हुकली तर हा माणूस वर्षभर घरात धुमसेल, पण काठीला हात लावणार नाही."

आम्ही म्हटलं, यंदा परीक्षा नको. सर भडकलेच. "का? माझ्यासाठी? काही गरज नाही!"

रविवारी आले. अकराव्या पायरीवर थांबले. कठडा घट्ट धरलेला. मला तर रडूच यायला लागलं.

"नियम म्हणजे नियम," सर खाली बघत म्हणाले. "तुम्ही जाऊन या."

मागून वहिनी कडाडल्या, "अर्धाच नियम काय सांगता? थांबलात ना? मग एक वस्तू काढा!"

सरांनी बॅग वरच्या पायरीवर ठेवली, उघडली, आणि शर्टांच्या गुंडाळ्यांखालून घडीची काठी काढली. वहिनींनासुद्धा पत्ता नव्हता!

काठी उलगडून त्यांनी नियमाप्रमाणे पायरीवर टेकवली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काठी. उरलेल्या तेवीस पायऱ्या आम्ही सगळे मनातल्या मनात मोजत होतो. सर कुठेही थांबले नाहीत.

वर दारात शबानाबाई उभ्या होत्या. त्यांनी काठीकडे नीट बघून घेतलं.

"सर, तुम्ही ही नेताय ना? मग मी माझी घरीच ठेवते!"