सारापीचा पाय, लुंगचं कपाळ

सारापी आमच्याकडे आली ती मालिश करायला. मे चेमच्या डोंगरातली, अंगाने काडी, बोलायला मोजकी. च्यांगमाईच्या जुन्या तटाजवळच्या आमच्या जागेत खाली मालिशच्या गाद्या होत्या आणि वर पत्र्याखाली लाकडी जमिनीचा हॉल. वर जोडीचा योग चाले. एकाने पाठीवर पडून पाय उंच करायचे. दुसऱ्याने त्या पावलांवर पोट टेकून तरंगायचं, बसायचं, उलटं लोंबायचं. खाली पाठीवर पडून पाय देणारे म्हणजे आमचे लुंग खामपन. लुंग म्हणजे थोरले काका. नात्याने कुणाचेच नव्हते, पण हाक सगळ्यांची तीच.

लुंगची आधीची जोडीदारीण लग्न करून दक्षिणेला गेली. मालकीणबाई, पी आनोंग, बँकॉकहून कुणी शिकलेली मुलगी आणायच्या बेतात होत्या. लुंगनी जिन्यावरून खाली बोट दाखवलं.

"ती गिऱ्हाइकाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवते, तेव्हा त्याचं घोरणं थांबत नाही. मला ती द्या."

"आणि नाही जमलं तिला?"

"तर मीही खाली जातो मालिशला."

हे सारापीच्या कानावर गेलं. लुंगनी आपल्यासाठी शब्द टाकलाय, या एका गोष्टीने ती कामाला लागली.

आसनं तिला पटापट आली. लुंगना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. आसन फोटोत येतं, ते म्हणायचे, सांधा येत नाही, आणि सगळी कला सांध्यात आहे. एका आसनातून दुसऱ्यात जाताना मध्ये जो क्षण असतो, ना इकडचा ना तिकडचा, त्याला ते सांधा म्हणत. पुढच्या जागी वजन पोचल्याशिवाय मागची जागा सोडायची नाही. घाईने सुटलीस तर पडशील, भीतीने अडकलीस तर मला पाडशील. ती पक्ष्यासारखी तरंगायची झक्क, पण तिथून बसायला येताना धपकन यायची. लुंग खालून विचारायचे, बाजार बंद होतोय का? मग ती हसायची आणि हसताना आणखी जड व्हायची. त्यांचा गुडघा कुरकुरला की ती म्हणे, लुंग, गुडघा वाजला. ते म्हणत, तो तुझ्या आईला सांगतोय, लेकीला भात कमी वाढ.

हळूहळू धपकन येणं गेलं. अडलं ते एकाच वळणावर. त्यात सारापीचे दोन्ही हात लुंगच्या हातांत, त्यांचं एक पाऊल तिच्या कमरेखाली, आणि तिने आपला डावा पाय त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवून पलीकडे न्यायचा. वीतभर उंचीवरून का होईना, पण तळपाय थोरल्या माणसाच्या तोंडावरून, डोक्यावरून. ती तिथवर यायची आणि थिजायची. लुंगच्या मांड्या थरथरायला लागायच्या.

"अगं ने ना पाय."

"डोकं आहे तिथे."

"इथे खाली काका नाहीये. जमीन आहे असं समज."

"जमिनीलासुद्धा हात जोडून मगच पाय ठेवतो आम्ही."

परदेशी पाहुण्यांना या संभाषणाची मौज वाटे. आम्हाला वाटत नसे. आम्ही सगळ्या तशाच वाढलो होतो. झोपलेल्याला ओलांडायचं नाही, पाय कुणाकडे करून बसायचं नाही, आणि चुकून लागलाच तर डोक्यात काही यायच्या आत तळवे एकमेकांना भिडलेले असतात.

तोड सारापीनेच काढली. एका सकाळी ती फुलं घेऊन आली, लुंगपुढे गुडघ्यांवर बसली आणि दिवसभरात जे काही पायाकडून होईल त्याची आधीच क्षमा मागितली. आमच्यात अशा वेळी थोरला माणूस "आहोसी" म्हणतो. म्हणजे सुटलं, याचा हिशेब या जन्मात नाही, पुढच्यात नाही. लुंगच्या तोंडात चिकट भाताचा गोळा होता. तो तसाच ठेवून ते म्हणाले, "आहोसी, आहोसी. उद्याचंही घेऊन ठेव."

पण ती रोज आली. फुलं नसली तर नुसते हात. ते रोज म्हणाले. आणि खरोखरच अडलेला सांधा सुटला. तो पाय असा जाऊ लागला की कुठे उचलला आणि कुठे टेकला हे कळायचं नाही. मी कितीदा जिना झाडायचं सोडून बघत उभी राहिले आहे. वर ती, खाली ते, मध्ये कुठेही जोड नाही.

मग धुराचे महिने आले. डोंगर जळत होते, सूर्य तांबड्या बटणासारखा, सगळ्यांचे घसे खरवडलेले. एका रविवारी पाहुण्यांसमोर प्रयोग होता. लुंगना आदल्या दिवसापासून खोकला होता. वळणावर सारापीचा पाय निघाला आणि नेमका तेव्हा लुंगना ठसका आला. डोकं वर उचललं गेलं. तिचा तळपाय त्यांच्या घामेजल्या कपाळावर सपाट टेकला.

तिने पाय काढला नाही. हात काढले. लुंगच्या मुठीतून दोन्ही हात सोडवून घेऊन तिने ते छातीशी जोडले.

तोल जाऊन ती गुडघ्यांवर आली ती थेट त्यांच्या हनुवटीवर आणि गळ्यावर. पी आनोंग राखणीला, कुणी पडलं तर धरायला, शेजारीच उभ्या होत्या. त्यांचे हात पुढे येईपर्यंत सगळं झालं होतं. सारापीचे तळवे अजून जुळलेलेच. ते पाहून एका पाहुणीला वाटलं, कार्यक्रम संपला. तिने टाळ्या वाजवल्या.

लुंगच्या मानेचं हाड गेलं. हात, पाय, काहीच उरलं नाही. ज्या बोटांना कपड्यावरून दुखरी शीर सापडायची, त्या बोटांत टाचणी टोचली तरी लुंगना कळत नव्हतं.

त्यांना घरी आणलं तेव्हा सारापी फुलं घेऊन गेली. त्यांच्या बायकोने, पा सीदांनी, दारातच अडवलं. सारापी तिथेच बसली आणि तिने हात जोडले. पा सीदा त्या हातांकडे बघत राहिल्या.

"परत तेच?" त्या म्हणाल्या. "रोज देत होते ना तुला आहोसी? भरपूर दिलंय. घरी जाऊन बघ, उरलं असेल कुठेतरी."

तरी ती जात राहिली. अंगण झाडायची, मळलेल्या चादरी धुवायची, परत यायची. पा सीदा नको म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. एक दिवस त्या बाजारात गेलेल्या असताना ती आत गेली. काय झालं ते तिने पुढे मला एकदाच सांगितलं, मालिशचं तेल गाळता गाळता, माझ्याकडे न बघता. तिने मागितलं. फक्त तो एक शब्द.

"पायाचं मी कधीच मनात धरलं नाही," लुंग म्हणाले. "पाय तर तुला रोज माफ होता. मी सांगत होतो, तू ऐकत होतीस. मग हात का सोडलेस?"

तिने त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली.

"म्हणजे माझं खरं वाटलंच नव्हतं तुला," लुंग म्हणाले. "पायाचं सुटलं. हाताचं मला म्हणता येत नाही गं. खोटं कशाला म्हणू?"

पाऊस लागला तसा त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते गेले.

विहारात त्यांना पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं, उजवा हात तेवढा बाहेर उशीवर, खाली पसरट वाडगं. एकेकाने पुढे व्हायचं, त्या तळव्यावर सुगंधी पाणी ओतायचं, कमीजास्त बोललं-वागलं असेल त्याची मनात क्षमा मागायची आणि सरकायचं. सारापी रांगेत सगळ्यांच्या मागे राहिली. तिची पाळी आली तेव्हा पा सीदांनी पाण्याची वाटी भरली, पण तिच्या हातात दिली नाही. खाली ठेवली. सारापीने ती उचलली, आणि सवयीने दुसरा हात जोडायला वर आला.

"जोडू नकोस," पा सीदा म्हणाल्या. "धर नीट."

लुंगचा हात उशीवरून घसरत होता. पा सीदांनी त्याखाली आपला तळवा दिला. सारापीने दोन्ही हातांनी वाटी धरून पाणी ओतलं. ते मिटलेल्या बोटांमधून, मग पा सीदांच्या बोटांमधून खाली गेलं. वाटी रिकामी झाली तरी ती तशीच कलती धरून राहिली. मागे कुणी नव्हतं, म्हणून पुढे सरक असं कुणी म्हटलं नाही.