रामफलच्या कानातले चाळीस सेकंद

माझी ताई लुंबिनी यूपीएससीचा फॉर्म न भरता नोएडाच्या एका स्टुडिओत आवाज रेकॉर्ड करायला गेली, तेव्हा बाबा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. ही १९९५ची गोष्ट. आम्ही रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा, म्हणजे यशवंत मेश्राम, भंडाऱ्याहून क्लार्क म्हणून दिल्लीत आले आणि सेक्शन ऑफिसर झाले. पुढची पायरी त्यांच्या मते ठरलेली होती, मुलगी कलेक्टर.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "एवढं शिकवलं ते दरवाजे कसे वाजतात हे ऐकायला?"

"ऐकणं पण शिकावंच लागतं, बाबा," ताई म्हणाली, आणि डबा घेऊन निघून गेली.

स्टुडिओचे मालक दिलीपजी तिला टेपांवर लेबलं चिकटवायला बसवणार होते. लांब काठीच्या टोकाला बांधलेला माइक कलाकारांच्या डोक्यावर तासन्‌तास धरून ठेवणं, हे त्यांच्या मते पुरुषाचं काम. "लड़की से नहीं होगा."

"सर, आपके घर में गैस का सिलेंडर कौन उठाता है?"

सोमवारपासून माइकची काठी तिच्या हातात आली. घरी आई तिच्या खांद्याला तेल चोळायची आणि ताई उशीत तोंड खुपसून ओरडायची. स्टुडिओत मात्र तिने कधी हूं की चूं केलं नाही.

तेव्हा केबलवर दर महिन्याला नवा चॅनेल यायचा आणि मालिकांचं काम ढिगाने होतं. दाराचा, पावलांचा, थपडेचा आवाज परदेशी सीडीवरून उचलून चिकटवायचा, ही रीत. ताईला त्याची चीड यायची. "लाजपतनगरचं दार लंडनसारखं का वाजावं?" म्हणत ती सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन गुडगावला जायची. मोहरीच्या शेतांत टॉवर उभे राहत होते. लिफ्टची साखळी, नव्या फ्लॅटमधला घुमणारा रिकामेपणा, सगळं ती टेपवर घेऊन यायची. दहा वर्षांत ती साउंड डिझायनर झाली. सिनेमात कुठला आवाज कधी आणि किती ऐकू यावा, हे आता ती ठरवायची.

२००७ साली उन्मेष देसाई या दिग्दर्शकाने तिला गुडगावजवळच्या मानेसरमधल्या कारखान्यांतल्या कामगारांवरच्या माहितीपटासाठी बोलावलं. त्यातला एक होता रामफल. पत्रे दाबणाऱ्या मशीनवर अकरा वर्षं काढून तो जवळजवळ बहिरा झाला होता. कंपनी म्हणे, आजार जन्मापासूनचा आहे. ताई पंधरा दिवस कंपनीच्या बसमधून त्याच्यासोबत फिरली. वहीवर लिहून तिने विचारलं, तुला नेमकं कसं ऐकू येतं?

"जैसे पानी के नीचे से कोई बुलाता हो," तो म्हणाला. "और ऊपर से सीटी. बंद ही नहीं होती."

कसली शिट्टी? ताईने त्याच्या कानांना हेडफोन लावून जाड-बारीक एकेक शिट्टी मोठ्या आवाजात ऐकवली. एकविसाव्या शिट्टीला रामफलने हात वर केला.

ती शिट्टी ताईने चित्रपटात घातली. मशीनचा दणदणाट चालू असताना अचानक सगळं बुडतं. रामफलची बायको सुमित्रा त्याच्याशी बोलते, तिचे ओठ हलतात, आणि आपल्याला ऐकू येते फक्त गुरगुर आणि ती बारीक शिट्टी. पूर्ण चाळीस सेकंद.

निर्माते भडकले. "लोगों को लगेगा हॉल का स्पीकर खराब है."

"लगने दीजिए."

उन्मेषने बाजूला घेऊन समजावलं, "यार लुंबिनी, वीस सेकंद कर ना. मधे थोडी बासरी टाकू."

"त्याच्या कानात बासरी वाजत नाही, उन्मेष."

निर्मात्यांनी दुसऱ्याकडून बासरी घालून घेतली. ताईने एका ओळीचं पत्र पाठवलं: बासरी राहणार असेल तर माझं नाव काढा. त्यांनी नाव काढलं. मोठ्या हॉलमध्ये चित्रपट दाखवला गेला, टाळ्या पडल्या. ताई गेली नाही.

उन्मेषला ते बोचत राहिलं असावं. महिन्याभराने तो घरी आला आणि ताईने केलेल्या ध्वनीसकटची मूळ प्रत टेबलावर ठेवून म्हणाला, "तुला जे करायचं ते कर."

ताईने मानेसरजवळच्या एका धर्मशाळेचा हॉल रविवारी दुपारी घेतला आणि खिडक्यांना सतरंज्या लावल्या. साठेक कामगार आले, कित्येक बायकोसह; रामफल आणि सुमित्राही. बाबाही आले होते. स्पीकरची खोकी त्यांनीच उचलून आणली.

ते चाळीस सेकंद सुरू झाले तशी ओरड झाली, "अरे, स्पीकर गया!" दोघे तारा हलवायला उठले. ताई स्पीकरपुढे हात पसरून उभी राहिली. "कोई हाथ नहीं लगाएगा. बैठिए. रामफल को ऐसा ही सुनाई देता है."

ते बसले. हॉलमध्ये ती शिट्टी तेवढी वाजत राहिली. नवऱ्याला थोडं तरी ऐकू येतं आणि तो मुद्दाम उत्तर देत नाही, असं धरून सुमित्रा चार वर्षं त्याच्याशी भांडत आली होती. ती काहीतरी पुटपुटली. रामफलला ते कळलं नाही. मग तिने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा स्वतःकडे वळवला आणि सावकाश विचारलं, "तन्नै इसा सुणै सै?" तुला असं ऐकू येतं?

त्याने होकारार्थी मान हलवली. मागच्या रांगेतून एकजण म्हणाला, "मन्नै भी," मलाही. मग आणखी एक.

त्या आठवड्यात तेरा जणांनी कान तपासून घेतले आणि रिपोर्ट घेऊन ते एकत्र कामगार अधिकाऱ्याकडे गेले. कानात घालायचे, आवाज अडवणारे बोळे मिळायला दीड वर्ष लागलं. रामफलला मशीनवरून काढून गोदामात बसवलं. गेलेला कान काही परत आला नाही.

निर्मात्यांचा फोन आला तेव्हा मी घरीच होतो. विनापरवानगी दाखवलंत, नोटीस पाठवू, असं काहीसं ते म्हणत होते.

"ज़रूर भेजिए," ताई म्हणाली. "कोर्ट में भी वही चालीस सेकंड बजाऊँगी. पूरे."

नोटीस आली नाही. त्यांचं कामही पुन्हा आलं नाही आणि ताईने ते मागितलं नाही. फोन आला त्याच आठवड्यात, गुरुवारी, ती फरीदाबादला एका नव्या चित्रपटासाठी यंत्रमागांचा आवाज घ्यायला गेली.